मयेकरांनी पाणी घेतलं नाही

पद्माकर मयेकर कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, असं लोक म्हणत, आणि मयेकर ते स्वतःच्या गुणांत जमा धरत. सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं नव्हतं. लिफ्टमध्ये कुणी भेटलंच तर ते मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहत. मंडळाच्या गणपतीला जात, आरतीला मागच्या रांगेत टाळ्या वाजवत, आणि कार्यकारिणीवर घ्यायची भाषा कुणी काढायच्या आत प्रसाद तोंडात टाकून एमआरटीची गाडी गाठत. त्यांच्याबद्दल कुणी कधी वाईट बोललं नाही. चांगलं बोलायलाही कुणाकडे काही नव्हतं.

हे काही एका दिवसात घडलेलं नव्हतं. वडिलांचं वेंगुर्ल्यात सायकलींचं दुकान. आई लवकर गेली म्हणून मुलगा शिकायला मुंबईत मामांकडे. दुसऱ्याच्या घरात वाढलेलं पोर आवाज न करता वावरायला शिकतं. मामी ओरडण्याआधी ताट घासून ठेवायचं आणि भांडण कुठेही पेटलं की गॅलरीत जाऊन उभं राहायचं, एवढं पद्माकर दहाव्या वर्षीच शिकला. पुढे मरीन इंजिनिअर होऊन बोटीवर गेला तेव्हा तर ही विद्या फारच कामाला आली. वडील वारले ते मयेकर समुद्रावर असताना. रेडिओ ऑफिसर इंजिनरूममध्ये उतरला आणि आवाजामुळे कानाशी तोंड नेऊन त्याने ते सांगितलं. मयेकरांनी मान हलवली आणि पंपाचं प्रेशर बघितलं. बंदर यायला पुष्कळ अवकाश होता. रडू मग सवडीने येईल असं त्यांना वाटलं होतं, पण ते काही आलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते समुद्र सोडून सिंगापूरला किनाऱ्यावरच्या नोकरीला आले. ही नोकरी मनोहर दातारांनी दिलेली. दातार पुण्याचे, राहायला बुकित तिमाहच्या कॉन्डोत, ऑफिस तांजोंग पगारला. कंपनी दुसऱ्यांच्या जुन्या बोटी सांभाळायची, आणि बोट दुरुस्तीला यार्डात आली की मालकाच्या वतीने काम करून घ्यायला मयेकर उभे राहायचे. पत्नी मेधा एका एजंटकडे अर्धवेळ काम करी. मुलगी किमया तेरा वर्षांची, मराठीत विचारलं की सिंगापुरी इंग्रजीत उत्तर देणारी. संसार रुळावर होता. सिंगापुरात राहायचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, या नोकरीवर टांगलेला होता आणि बाकी सगळं त्या पासावर.

सत्त्याण्णव साली इंडोनेशियातल्या जळत्या जंगलांच्या धुराने सूर्य दिसेनासा झाला होता, त्या दिवसांत एक म्हातारी मालवाहू बोट यार्डात लागली. खलाशी बहुतेक घानाचे. त्यांत आन्टवी नावाचा एक तरुण होता, कामाला वाघ आणि बोलायला मितभाषी, म्हणून मयेकरांना तो बरा वाटायचा. बोटीच्या नाकाशी एक बंद टाकी होती, कित्येक महिन्यांत न उघडलेली. अशा टाकीत गंज सगळा प्राणवायू खाऊन टाकतो. उघडायची, पंखा लावून हवा खेळवायची, मीटर लावून बघायचं आणि मगच माणूस उतरवायचा, हा नियम लहान पोरालाही पाठ असतो. त्या दिवशी पंखा दुसरीकडे लागला होता, मीटर यार्डाच्या माणसाकडे होतं, आणि दातारांचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा येऊन गेला होता की बोट वेळेत सुटली पाहिजे. टाकीच्या तोंडाशी मयेकर आणि आन्टवी दोघंच होते. आन्टवीने विचारलं, सर, मीटर? मयेकर म्हणाले, येतंय, तू तोवर डोकावून ये. आन्टवीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तो शिडी उतरला. शिडी पुरती संपायच्या आतच तो पडला.

संध्याकाळी ऑफिसात दातारांनी दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "मयेकर, तो आपणहून उतरला असणार. ही माणसं ऐकत नाहीत." मग त्यांनी विचारलं, हो ना? मयेकरांच्या तोंडून हूं एवढंच निघालं. खोटं बोलायला माणसाला थोडी तरी धिटाई लागते. मयेकरांना तेवढीही लागली नाही. त्या एका हुंकारावर सगळं उभं राहिलं. मालकाला तेच कळवलं गेलं आणि घानामधल्या घरच्यांनाही तेच. चौकशीचे सरकारी अधिकारी जबाब घेणार होते, तिथेही तेच सांगायचं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत मयेकर जेवत होते, झोपत होते, कामावर जात होते. दात काढल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. मेधाने दोनदा विचारलं, बरं नाही का वाटत. त्यांनी धुराचं कारण दिलं. त्या वर्षी धुराचं कारण सगळ्यांनाच पुरत होतं.

दातारांनीच सुचवलं की बोटीवर जाऊन जरा भेटून या, बरं दिसतं. चौकशी संपेपर्यंत बोट अडकली होती आणि माणसं तिच्यावरच राहत होती. मयेकर गेले. मेसमध्ये सगळे भिंतीला लागून बसले होते, जणू त्यांचीच वाट बघत. खलाशांचा मुकादम, बोसन ओपोकू, सगळ्यांत वडील, पिकल्या केसांचा. मयेकरांनी सगळ्यांशी हात मिळवले. त्यांना खुर्ची दिली आणि दुसऱ्या नंबरच्या कुकने, येबोआने, पेलाभर पाणी दोन्ही हातांनी पुढे धरलं. मयेकरांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. सुतक असलेल्या घरचं पाणी घेऊ नये, ही त्यांना मामीने दिलेली शिकवण. उलट पाणी घेतलं असतं तर आपण दुःखाची पर्वा न करणारे ठरलो असतो, असंच त्यांना वाटत होतं. येबोआ पेला घेऊन तसाच उभा राहिला. त्याने बोसनकडे बघितलं. बोसन जमिनीकडे बघत होता. मयेकर रिवाजाप्रमाणे थोडा वेळ बसले, फार वाईट झालं असं म्हणाले आणि उठले. घरी मेधाने गिझर लावून ठेवला होता. अंघोळ केली आणि कर्तव्य पार पडल्यासारखं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बोटीवर त्यांच्याशी कुणी बोलेना. काम सांगितलं की करत होते, त्यात खोट नव्हती. पण गुड मॉर्निंग बंद झालं. मयेकर वाटेत आले की माणसं बाजूला होत आणि ते निघून गेल्यावर पुन्हा बोलू लागत. आयुष्यभर कुणी आपल्याशी बोलू नये म्हणून धडपडलेला हा माणूस, त्याला ते आयतं मिळालं होतं. आणि ते त्याला सहन होईना. यात काय लागतंय हे त्यांना कळेना, पण काहीतरी लागत होतं एवढं खरं.

शेवटी त्यांनी येबोआला गँगवेवर, बोटीवर चढायच्या शिडीवर, गाठून विचारलं, काय झालंय. येबोआने सांगितलं, की तुम्ही आमचं पाणी घेतलं नाही. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी. तो प्यायला की आम्ही म्हणतो, इथे सगळं ठीक आहे, तुम्ही काय निरोप घेऊन आलात. मग पाहुणा पहिल्यापासून सगळं सांगतो. आम्हाला आधीच ठाऊक असलं तरी सांगतो, कारण ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे. जो पाणी घेत नाही त्याला विचारता येत नाही. तो आलाच नाही असं धरतात.

मयेकरांनी आपली बाजू सांगितली. आमच्याकडे मृत्यूच्या घरी पाणी घेत नाहीत. येबोआ पहिल्यांदा जरासा हसला.

"मग तुमच्याकडे बोलणं सुरू कसं करतात?"

मयेकरांनी खरंच आठवून बघितलं. "करत नाहीत," ते म्हणाले. "नुसतं बसतात."

मग येबोआने जे सांगितलं ते ऐकायला नको होतं. आन्टवीच्या बहिणीला मुलगा झाला होता. आठव्या दिवशी नाव ठेवायचं, ते ठेवलं नव्हतं. पोराला अजून नुसतं जन्मवाराच्या नावाने हाक मारत होते. बाप त्याला मामाचं, आन्टवीचं, नाव देणार होता. पण नाव म्हणजे नुसतं हाक मारायला नसतं. ज्याचं नाव त्याचं वळण पोर उचलतं, म्हणून सरळ चालीच्या माणसाचंच नाव देतात. कंपनीने कळवलं होतं की आन्टवी हुकूम मोडून उतरला. ज्याने वडीलधाऱ्यांचं ऐकलं नाही आणि स्वतःचा जीव फुकट घालवला, त्याचं नाव पोराच्या कपाळी कसं मारायचं? बापाने फोनवर ओपोकूला सांगितलं होतं, तुम्ही तिथे आहात, विचारा. विचारायचं कुणाला, तर तिथे हजर असलेल्या एकाच माणसाला, आणि त्याने पाणी घेतलं नव्हतं.

"आमच्याकडे वाईट माणसाला वाईट म्हणत नाहीत," येबोआ म्हणाला. "तो माणूस नाही, असं म्हणतात. जन्माला येऊन कुणी माणूस होत नाही. ते इतरांनी करावं लागतं. आन्टवीला आमच्या अख्ख्या गल्लीने केलं होतं."

मयेकर घरी आले. मेधाने मुगाची खिचडी केली होती, ती त्यांनी खाल्ली. आपल्याला कुणी केलं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्याचं उत्तर शोधण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते कुणाला न सांगता बोटीवर गेले.

या वेळी त्यांनी पेला घेतला आणि रिकामा केला. ओपोकू पुढे झुकला आणि आपल्या भाषेत येबोआला काहीतरी म्हणाला. ओपोकूचं इंग्रजी मयेकरांपेक्षा चांगलं होतं, पण आज तो थेट बोलणार नव्हता. त्याचं बोलणं येबोआच्या तोंडून येणार होतं आणि मयेकरांचं बोलणं येबोआच्या तोंडून त्याच्याकडे जाणार होतं. येबोआ म्हणाला, "इथे सगळं ठीक आहे. तुम्ही काय घेऊन आलात?"

मयेकर म्हणाले, आन्टवी टाकीत उतरला, टाकीत हवा नव्हती. मयेकरांनाही कळावं म्हणून येबोआने ते इंग्रजीतच सगळ्यांना ऐकवलं. मयेकर म्हणाले, तो परवानगी मिळायच्या आधी उतरला. हेच ते चौकशीत म्हणणार होते, आणि ते तोंडात इतकं घोळवून झालं होतं की त्याला चवही उरली नव्हती. येबोआ वळला आणि त्याच शांत आवाजात म्हणाला, हे म्हणतात, आपला भाऊ परवानगीआधी उतरला. मेसमधल्या सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी हरकत घेतली नाही. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या आदराने सांगितलेलं मयेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते घाणेरडं होतं. येबोआने विचारलं, तुमचं सांगून झालं का?

मयेकर म्हणाले, "नाही. तो मीटर मागत होता. मीच म्हटलं उतर."

या वेळी येबोआ लगेच वळला नाही. ओपोकूने हात वर केला, त्याला थांबवलं आणि आतापर्यंतचा रिवाज मोडून स्वतःच इंग्रजीत मयेकरांना विचारलं, तुमच्याबरोबर कोण आलंय? कुणी नाही, मयेकर म्हणाले. बायको? भाऊ? गावचं कुणी? मयेकर नाही नाही म्हणत गेले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होता तो गोंधळ, उघडा पडलेला माणूस बघून वाटतो तसा. तो म्हणाला, एवढं ओझं घेऊन एकटा माणूस येत नाही. एकट्याने सांगितलेलं आम्ही गावाला कळवू शकत नाही, उद्या तुम्ही फिरलात तर तुम्हाला धरायला तुमचं कुणी नसेल. रविवारी तुमची माणसं घेऊन या. तोवर आम्ही हे ऐकलेलं नाही.

म्हणजे ते अजून सुटू शकत होते. सोमवारी चौकशीत दातारांचं वाक्य म्हणायचं, रविवारी घरी बसायचं. दोन दिवस मयेकरांनी हेच मनाशी धरलं. पण ज्या माणसाला आयुष्यात कुणी सोबत आणायला सांगितलं नव्हतं, त्याला ते सांगणं काही केल्या बाजूला टाकता येईना.

शनिवारी सकाळी मेधा ओट्याशी डोसे घालत होती तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. सगळं, मीटरसकट. मेधाने गॅस बंद केला. आधी तिला खरंच वाटेना, मग तिला राग आला, आणि तो राग कशाचा हे तिचं तिलाही ठरवता येईना. इतके दिवस आपल्याला का सांगितलं नाही याचा होता, तसाच आता तरी का सांगितलंत याचाही होता. तिने हिशेब मांडला तो चूक नव्हता. नोकरी जाईल, पास जाईल, किमयाची शाळा अर्ध्यावर सुटेल, आणि ज्या दातारांनी उपकार केले त्यांच्या तोंडाला काळं लागेल.

"अहो, गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"नाही," मयेकर म्हणाले. "पण त्या पोराला अजून नाव नाही."

मेधा म्हणाली, मी येणार नाही. मी त्यात नाही. तेवढ्यात किमया स्वयंपाकघराच्या दारात दिसली. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. मेधाने तिला आत जा म्हटलं. ती गेली नाही.

"आय हर्ड ऑलरेडी," ती म्हणाली. "बाबा, आय कॅन कम. इफ आई डोन्ट वॉन्ट, आय कम लाह."

तेरा वर्षांच्या मुलीचा आधार घेऊन बोटीवर जायचं, यापेक्षा मरण बरं असं मयेकरांना वाटायला हवं होतं. त्यांना काहीच वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले की बूट घाल, तिथे पत्रा फार तापतो.

रविवारी दोघं निघाली तेव्हा मेधाही चपला घालून दारात उभी होती. तिने स्पष्टच सांगितलं, मी तुमच्यासाठी येत नाहीये, पोरीला तिथे एकटी सोडणार नाही म्हणून येतेय. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि नवऱ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

मेसमध्ये तिघांना खुर्च्या दिल्या, तिघांना पाणी दिलं. मेधा पेल्याकडे बघत राहिली. मामीने तिला काही शिकवलेलं नसलं तरी तिच्या आईने तेच शिकवलं होतं. मयेकर प्यायले, किमया प्यायली, आणि मग मेधाने ओठ लावून दोन घोट घेतले. विचारायचं ते विचारलं गेलं. मयेकरांनी सांगायला सुरुवात केली. फोन तिसऱ्यांदा आला होता. पंखा दुसरीकडे होता. त्याने मीटर मागितलं. मी म्हटलं, येतंय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो उतरला, कारण मी सांगितलं होतं. प्रत्येक वाक्याला ते थांबत आणि येबोआ ते इंग्रजीतच पुढे पोचवी. येबोआचा आवाज शेवटी शेवटी खरखरीत झाला होता, पण त्याने एकही शब्द गाळला नाही. बापावर दोष ठेवणारा एकेक शब्द किमया दोनदा ऐकत होती.

ऑफिसात काय सांगितलं तेही मयेकरांनी सांगितलं. उद्या चौकशीत हेच सांगणार, असं म्हणून ते थांबले. उद्या संध्याकाळपर्यंत नोकरी जाणार हे त्या तिघांनाही ठाऊक होतं आणि कदाचित समोरच्यांनाही.

ओपोकूने विचारलं, तुमच्या बाजूने हे कुणी ऐकलं? जो ऐकेल तो याची आठवण ठेवेल. हे फिरले तर त्याने यांना धरायचं. हे खचले तर त्यानेच धरायचं.

येबोआने ते इंग्रजीत सांगितलं. क्षणभर मयेकरांना वाटलं, आता कुणीच उठणार नाही आणि तेच बरोबर होईल. मग किमया उठली. शाळेत उत्तर द्यायला उठतात तशी ताठ उभी राहिली. मेधाने तिचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं. किमयाने आईकडे बघितलं. मेधा तिच्याकडे न बघता स्वतः उभी राहिली.

"मी त्यांची बायको," ती इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता आणि तो तिने लपवला नाही. "मी ऐकलं. मुलीच्या डोक्यावर हे देऊ नका. माझ्याकडे द्या."

ओपोकूने दोन जुन्या खलाशांना घेऊन बाहेर काहीतरी ठरवलं. परत आला तेव्हा तो एकच वाक्य बोलला, आणि येबोआने ते सांगितलं. "पोराला आन्टवी म्हणता येईल."

कोपऱ्यात बसलेला एक धिप्पाड खलाशी तोंडावर हात घेऊन रडायला लागला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. इतके दिवस या माणसांनीही रडणं अडवून धरलं होतं, हे मयेकरांना आता समजलं; कुणासाठी रडायचं हे त्यांना माहीत नव्हतं, हुकूम मोडणाऱ्यासाठी की हुकूम पाळणाऱ्यासाठी. मयेकरांना माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. त्यांना जा असंही कुणी म्हणालं नाही. त्यांची खुर्ची त्या रडणाऱ्या माणसांच्या मधोमध होती आणि ते तिथेच बसून राहिले.

त्यांना रडू आलं नाही. मेधा त्यांच्याशेजारी येऊन बसली होती. ती अजून रागावलेली होती, पण तिने त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, दुखेल इतकं घट्ट. आणि ते दुखत होतं.